पर्समधल्या डबीची कबुली

मी डबी बोलतेय. फडताळातली नव्हे, पर्समधली. रुमाल, किल्ल्या, डोकेदुखीच्या गोळ्या आणि कधीच न उठणारं एक पेन यांच्या संगतीत माझं अर्धं आयुष्य गेलं. अंगाने मी स्टीलची, उंचीला बोटाची दोन पेरं, आणि पोटात मावतात मोजून तीन चमचे. एवढ्याशा पोटात मी एक गोष्ट अकरा वर्षं दडवून ठेवली. आता सगळं उघड झालंच आहे, तर माझ्या तोंडूनही ऐका.

आम्ही पाच भावंडं. एकात एक बसणारे चार डबे आणि सगळ्यांच्या आत मी, शेंडेफळ. कारखान्यात पत्र्याची गोल चकती साच्यावर ठेवायचे, वरून दणका बसायचा आणि चकतीचं भांडं व्हायचं. झाकणाची कड बोटाला कापू नये म्हणून ती आत दुमडून घेत. माझ्या झाकणाची दुमड एका जागी जरा सैल राहिली. तपासणीला बसलेल्या बाईंनी मला उजेडात धरलं, नखाने ती फट चाचपली, आणि जेवणाची सुट्टी व्हायला दोनच मिनिटं उरली होती म्हणून पास करून टाकलं. पुढचं सगळं रामायण त्या फटीने केलं.

नवं बिऱ्हाड थाटताना आमच्या बाईने आम्हाला विकत आणलं. मी तिला बाईच म्हणते. घरात ती कोणाची आई आहे, कोणाची 'अगं' आहे, मला मात्र नातं लावायची सोय नाही. भावांना लगेच कामं मिळाली. थोरल्यात तांदूळ गेले, दुसऱ्यात पीठ, तिसऱ्यात साखर, चौथ्यात चहा. माझ्यात धड मीठ मावेना आणि मिरपूड ठेवावी तर चमचा आत जाईना. मी काही दिवस बटणं सांभाळली, मग केसांच्या पिना, मग लेकीचे पडलेले दुधाचे दात. रिकामं बसण्यापेक्षा बरं, म्हणून कशालाच नाही म्हटलं नाही.

बाई टपाल कचेरीत पार्सलांच्या खिडकीवर बसते. तिचं नाक तिथे प्रसिद्ध होतं. बांधलेलं पार्सल काट्यावर ठेवलं की न उघडता सांगायची, यात साबण आहे, यात कातडी चपला आहेत, आणि हे तिसरं आतून गळतंय, ते बाजूला ठेवा. दुपारी घरी आली की तेच नाक स्वयंपाकघरात कामाला लागायचं. रोजचा स्वयंपाक तिला जड जात नसे, पण जीव त्यात रमतही नसे. तिला रोज काहीतरी नवं हवं. वर्तमानपत्रातली कात्रणं झाली, शेजारणीकडून ऐकलेलं झालं, पार्सल न्यायला आलेल्या परक्या माणसाला 'तुमच्याकडे वांगं कसं करतात हो' म्हणून विचारलेलंही झालं.

त्यातलं निम्मं फसायचं. कोबीच्या पानात भरलेलं सारण पानांना रामराम ठोकून रश्श्यात पोहत बसायचं. बिटाचा केक केला तेव्हा घरातल्या सगळ्यांचे दात तीन दिवस जांभळे होते. पण बाई खचायची नाही. 'आज हुकलं, पुढच्या वेळी धरते' म्हणायची आणि कात्रणाच्या कोपऱ्यात काय चुकलं ते लिहून ठेवायची.

खाणारी माणसं दोन. एक तिचा नवरा, ज्यांना मी चष्मेवाले म्हणते, कारण त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट ठेवायची, तिच्यात एक काच घालायची, मग दुसरी, आणि विचारायचं, 'हे बरं की ते बरं?' दिवसभर त्यांचं हेच. न कंटाळता, आवाज न चढवता. पण घरी जेवायला बसले की त्यांच्याकडे एकच शब्द होता, छान. मासा कागदात गुंडाळून भाजला तेव्हा त्यांनी माशाबरोबर कागदाचाही तुकडा चावून गिळला आणि म्हणाले, छान. केकमध्ये साखरेच्या जागी मीठ पडलं तेव्हाही छान. त्यामुळे त्यांच्या छानला घरात कोणी विचारत नसे.

खरा निकाल लागायचा तो लेकीच्या तोंडून. तिचं घरातलं नाव बबडी. पहिला घास घेऊन ती जरा वेळ गप्प बसायची आणि मग अगदी साळसूदपणे विचारायची, 'आई, घरात पाव आहे का?' ते ऐकलं की बाई समजायची, आजचा प्रयोग पडला.

आता माझ्या पापाकडे येते.

एका वर्षी चष्मेवाल्यांची दाढ ठणकायला लागली. दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की त्यांची पाचावर धारण बसायची, म्हणून त्यांनी माझ्यात लवंगा भरल्या आणि मला दुकानात नेलं. दोन महिने मी काचा पुसायच्या फडक्याशेजारी राहिले. गिऱ्हाईक गेलं की ते एक लवंग दाढेखाली धरायचे. शेवटी दाढ काढावीच लागली, लवंगा संपल्या आणि मी घरी परतले. बाईने मला घासलं, पुसलं, उन्हात वाळवलं. पण एका लवंगेचं गोल बोंड माझ्या त्या सैल दुमडीत जाऊन बसलं होतं. ते तिला दिसलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरात बबडी पोहायला शिकली. तलावाची पूर्ण लांबी तिने न थांबता कापली. पाण्यात उतरण्याआधी तिच्या कानातली काढून बाईने माझ्यात ठेवली आणि मला पर्समध्ये टाकलं. पोहून झाल्यावर कानातली कानात गेली, मी रिकामी झाले, आणि पराक्रम साजरा करायला तिघं जण पुलाशेजारच्या हॉटेलात शिरले.

लहानसं हॉटेल. सात टेबलं, खिडकीत तुळशीएवढं एक लिंबाचं झाड, आणि आतून येणारा भाजल्याचा वास. तिघांनी भोपळ्याचं सूप मागवलं. बाईने दुसरा चमचा तोंडात घेतला आणि तिचा हात थांबला. डोळे मिटले. मग तिने वाढणाऱ्याला बोलावून यात काय काय आहे ते विचारलं. तो म्हणाला, भोपळा. अजून काय, तर म्हणाला, मीठ.

मला पर्समधून टेबलाखाली काढलं गेलं ते तेव्हा. तिने मांडीवर रुमाल अंथरला, गरम गरम तीन चमचे माझ्यात ओतले आणि झाकण दाबलं. चष्मेवाले एकाएकी छताकडे बघायला लागले. बबडी कुजबुजली, "आई, आपल्याला पकडतील."

"गप. सूप आहे, सोनं नाही," बाई म्हणाली.

घरी येऊन तिने मला ओट्यावर ठेवलं, झाकण काढलं आणि नाक जवळ आणून एकेकाची हजेरी घेतली. भोपळा, तोही सालीसकट भाजलेला. लोणी. कांदा. मिरे. संत्र्याची साल, थोडीशी. मग ती थबकली, पुन्हा वास घेतला, आणि तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. म्हणाली, "लवंग. कोणाच्या बापाला ओळखता येणार नाही, पण लवंग आहे."

मी आतल्या आत ओरडले. अगं, ती त्यांची नाही, ती माझी आहे, माझ्या झाकणातली, एवढा वेळ गरम सुपात भिजलेली. पण आम्हा भांड्यांना वाजता येतं, बोलता येत नाही. ते बोंडही त्याच सुपाबरोबर निघून गेलं. पुरावा संपला आणि मी एकटी साक्षीदार उरले.

पुढच्या रविवारी बाईने लवंग घालून सूप केलं. बबडीने वाटी चाटून पुसून ठेवली आणि पावाचं नाव काढलं नाही. त्या दिवसापासून ते 'आपलं सूप' झालं. ताप आला की आपलं सूप, परीक्षा संपली की आपलं सूप, कोणाशी भांडून आली तरी आपलं सूप. मजा म्हणजे त्यानंतर तिघं पुलाशेजारी गेले की बाई नाक मुरडायची. यांनी लवंग घालायचं सोडलं, आता हात आखडता घेतात, पूर्वीची चव राहिली नाही. टपाल कचेरीतही तिने हे बऱ्याच जणांना ऐकवलं. त्या बिचाऱ्या हॉटेलवर उगीच ठपका आला, आणि तो माझ्यामुळे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

माझं भाग्य मात्र फळफळलं. मी पर्समध्ये कायमची राहायला गेले. बंदरावरच्या मासळीच्या ठेल्यापासून लेकीच्या मैत्रिणीच्या घरच्या मेजवानीपर्यंत मी सगळीकडे जेवले. एकदा सांडले, तेव्हा पेनाचं उरलंसुरलं आयुष्यही संपलं. हॉटेलात माणसं कशी वागतात ते पर्सच्या उघड्या चेनमधून मी पुष्कळ पाहिलंय. मेनूकार्ड अर्धा तास वाचतात आणि मागच्या वेळी मागवलं तेच मागवतात. आपलं आलं की शेजारच्या टेबलावरचं बरं दिसायला लागतं. आणि घरी ज्याला नावं ठेवतात तेच तिथे 'अगदी घरच्यासारखं' म्हणून कौतुकाने खातात. बाई तशी नव्हती. ती जे खायची त्यावर तिचा जीव असायचा. घरी येऊन माझं झाकण उघडून ती वास घ्यायची तो क्षण मला दिवसभरातला सगळ्यात आवडता.

म्हणूनच तिचं दुःख सगळ्यांच्या आधी मला कळलं.

बबडी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, त्याच्या पुढल्या थंडीत बाईला आठवडाभर ताप आला. उतरला, कामावर जायला लागली, आणि एका शनिवारी दोघं नव्या हॉटेलात जाऊन आले. घरी आल्यावर तिने मला ओट्यावर ठेवलं, झाकण काढलं, नाक जवळ आणलं. झाकण लावलं, पुन्हा काढलं. माझ्यात लसूण आणि आलं घातलेला रस्सा होता. असा की भिंतीपलीकडच्या माणसाला कळावा. बाईला काही कळलं नाही.

तिने मला धुतलं आणि पर्समध्ये ठेवलं नाही. चार भावांना रिकामं करून तिने बरण्यांमध्ये सामान भरलं, आम्हाला कारखान्यातून आलो तसं एकात एक बसवलं आणि वरच्या फळीवर ठेवून दिलं. मी चार झाकणांच्या आड गेले. तिथून मला फक्त आवाज यायचे. कात्रणांची सळसळ थांबली होती. ती रोज तेच पाच पदार्थ करत होती, हाताच्या सवयीने, मोजून मापून. टपाल कचेरीत एका गळक्या बाटलीच्या पार्सलावर तिने शिक्का मारला आणि शेजारच्या खिडकीतला माणूस हसला, हे ती फोनवर बहिणीला सांगताना मी ऐकलं. बहिणीला वाटलं गंमत आहे. नवऱ्याला तर तिने तेवढंही सांगितलं नाही.

असे तीन महिने गेले. मग एका दुपारी भांडं करपलं. मला काही दिसत नव्हतं, पण कानावर आलं ते आणि पुढे त्यांच्या बोलण्यातून जुळवलं ते सांगते. चष्मेवाले बाहेरच्या खोलीत होते, त्यांना तिथे वास आला. ते आत आले तर बाई शेगडीपासून दोन हात अंतरावर पाठमोरी उभी राहून कांदा चिरत होती आणि तिच्या मागे भांड्यातून धूर निघत होता. त्यांनी गॅस बंद केला.

"मला वास येत नाही," बाई म्हणाली. "तापानंतर गेला तो गेलाच. चवही नाही. सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं."

"मला सांगायचं नाहीस?"

"तुम्हाला सांगून काय होणार होतं? तुम्हाला सगळंच छान लागतं."

ती रागाने म्हणाली नव्हती, म्हणून त्यांना जास्त लागलं असणार. मग तिने खरी गोष्ट सांगितली. रविवारी बबडी येतेय, वर्षभराने. फोनवर म्हणाली, आई, बाकी काही करू नकोस, आपलं सूप कर. आणि ते नीट जमलं की बिघडलं हेच मला कळणार नाही. मी तिला नाही म्हणून सांगणार आहे. स्वयंपाकाला बाई ठेवू या. माझं या खोलीतलं काम संपलं.

चष्मेवाले दुकानात गेले. बोलणाऱ्यांतले ते नव्हेतच. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून घरी आले आणि त्यांनी दोन चमचे ओट्यावर ठेवले.

"मला चव सांगता येत नाही, खरं आहे," ते म्हणाले. "पण दुकानात येणाऱ्यांना तरी आपली नजर कुठे सांगता येते? मी दोन काचा दाखवतो. हे बरं की ते बरं, एवढंच विचारतो. ते त्यांना सांगता येतं. तू मला एकच वाढतेस आणि कसं झालंय विचारतेस. दोन दे. मग बघ."

बाईने अविश्वासाने पाहिलं. तरी भाजीचा रस्सा दोन वाट्यांत काढला, एकीत चिमूटभर मीठ जास्त घातलं. त्यांनी दोन्ही चाखलं. डावीकडचं बरं, म्हणाले. तिने उजवीकडच्यात लिंबू पिळलं. आता उजवीकडचं. मग डावीकडच्यात थोडं लोणी. असं करत करत दोघं अर्धा तास उभी होती. दर वेळी विचारायची ती होती आणि सांगायचे ते. वरच्या फळीवर भावांच्या आत बसून मी ऐकत होते आणि मला हसू आवरत नव्हतं, कारण हळूहळू त्यांना शब्दही सुचायला लागले होते, सगळे दुकानातले. हे धूसर आहे. याच्या कडा नीट दिसत नाहीत. याचं जवळचं ठीक आहे, पण लांबचं कळत नाही. आणि बाईला ते सगळं समजत होतं. धूसर म्हणजे मीठ कमी. लांबचं म्हणजे घास गिळल्यावर मागे राहते ती चव.

शनिवारी सकाळी तिने हाताच्या आठवणीने सूप केलं. त्यांनी चमचा तोंडात घेतला आणि सवयीने ते छान म्हणणार होते, पण थांबले. म्हणाले, "याला दुसरा चमचा कुठाय? एकट्या काचेवर मी काय सांगू?"

दुसरा चमचा पुलाशेजारी होता. ते स्टुलावर चढले, वरच्या फळीवरून डबे उतरवले, थोरल्याचं झाकण काढलं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं, मग चौथ्याचं. तीन महिन्यांनी मला उजेड दिसला. बाई नको म्हणत होती, मी तिथे येऊन नुसती वाटी ढवळत बसू का, म्हणत होती. ते म्हणाले, तू फक्त बस, खाणार मी. आणि घरचं सूप माझ्यात भरून आम्ही निघालो. उलटी चोरी करायला मी पहिल्यांदाच जात होते.

हॉटेलात त्यांनी एक सूप मागवलं आणि मला टेबलाखाली धरलं. पण या कामाला बाईचा हात लागतो. त्यांचं कोपर ताटाला लागलं, मी निसटले आणि घरंगळत थेट हॉटेलच्या मालकीणबाईंच्या पायाशी जाऊन थांबले. झाकण तेवढं घट्ट होतं माझं, अब्रू वाचली.

मालकीणबाईंनी मला उचललं. वयस्क, जाडजूड, अंगात पीठ लागलेला झगा. म्हणाल्या, "या डबीला मी ओळखते. ताई, तुम्ही टेबलाखाली भरता ते मी पहिल्या दिवसापासून बघतेय. तुमच्या टेबलाची वाटी म्हणून जरा भरूनच पाठवते." बाईला कुठे बघावं कळेना. चष्मेवाल्यांनी मात्र सगळं सरळ सांगितलं, नाक गेल्याचं, लेक येणार असल्याचं, दुसऱ्या चमच्याचं. मग त्यांनी हॉटेलातलं चाखलं, माझ्यातलं चाखलं, पुन्हा दोन्ही चाखलं.

"आपल्यात लवंग आहे," ते म्हणाले. "यांच्यात नाही."

इतक्या वर्षांत छानखेरीज त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला पक्का निकाल. बाई म्हणाली, माहितीये, यांनी घालायची सोडली. मालकीणबाईंनी चमचा मागून घेतला, माझ्यातलं चाखलं आणि कपाळाला आठी घातली.

"सोडली कसली? आम्ही लवंग कधी घातलीच नाही. हे सूप माझ्या सासूबाईंनी सुरू केलं. भोपळा, लोणी, कांदा, मिरे, संत्र्याची साल. बस्स."

बाई पांढरी पडली. अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तेव्हासुद्धा माझं नाक चुकलंच होतं. अकरा वर्षं मी ज्याच्या गमजा केल्या ते कधी नव्हतंच."

त्या क्षणी मला जर कोणी वितळवलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं. गेलेल्या नाकाचं दुःख तिने सोसलं होतं. पण ते कधीतरी खरं होतं, एवढ्यावर ती उभी होती, आणि तेच मी तिच्या पायाखालून ओढून घेतलं होतं.

चष्मेवाल्यांनी मला हातात घेतलं. माझं झाकण उलटं केलं, उजेडात धरलं. दिवसभर चौकटींचे बारीक स्क्रू बघणारी ती नजर. खिशातून भिंग काढलं. आणि इतक्या वर्षांनी पुन्हा एक नख माझ्या त्या फटीवरून फिरलं.

"बबडी पोहायला शिकली तेव्हा माझी दाढ नुकतीच काढली होती ना?" त्यांनी विचारलं.

बाईने मान हलवली.

"ही माझी लवंगांची डबी. त्याआधी दोन महिने दुकानात होती. यात एक अडकून राहिली असणार." एवढं बोलायची त्यांना सवय नव्हती. "तुझं नाक चुकलं नव्हतं. यांनी घातली नव्हती, तू घातली नव्हतीस, कोणाला माहीतही नव्हती. तरी तू ओळखलीस. लवंग होतीच. माझी होती."

बाई आधी हसली, मग तिच्या डोळ्यांना धार लागली, मग दोन्ही एकदम. मालकीणबाई खुर्ची ओढून बसल्या आणि माझ्यात उरलेलं सूप त्यांनी खरवडून खाल्लं. लवंग घालायची नसते, असं दोनदा म्हणत खाल्लं.

रविवारी बबडी आली. टेबलावर दोन पातेली होती, एकात पुलाशेजारचं जसं असतं तसं, एकात लवंग घातलेलं. चष्मेवाल्यांनी तिच्यापुढे दोन वाट्या ठेवल्या आणि विचारलं, हे की ते. तिला वाटलं बाबांना दुकानातून रजा हवी आहे. पहिलं चाखून म्हणाली, चांगलं आहे. मग दुसरं चाखलं. जरा वेळ गप्प बसून तिने विचारलं, "आई, घरात पाव आहे का?"

बाईचा हात जागच्या जागी थांबला. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला.

"वाटी पुसायला हवाय," बबडी म्हणाली आणि दुसरं पातेलं स्वतःकडे ओढलं. "हे आपलं आहे." मग आईने तिला नाकाबद्दल सगळं सांगितलं, आणि पोरीने उठून आईला मिठी मारली ती बराच वेळ सोडली नाही.

आता माझं असं चाललंय. डॉक्टरांनी सांगितलं की वास परत येईलही, नाहीही येणार. रोज ओळखीचे उग्र वास घेत राहा, नाकाला आठवण करून देत राहा. म्हणून माझ्यात पुन्हा लवंगा आल्या आहेत. रोज सकाळी चहाआधी बाई डोळे मिटून बसते. चष्मेवाले एका मुठीत मला धरतात, दुसऱ्या मुठीत स्क्रूंची रिकामी डबी, आणि दोन्ही तिच्या नाकाखाली धरून विचारतात, हे की ते? कधी ती माझ्याकडे बोट करते, कधी त्या दुसरीकडे. तो नुसता अंदाज असतो, मला कळतं. तरी दुपारी कात्रणं पुन्हा सळसळतात, दोन दोन वाट्या भरल्या जातात, आणि शनिवारी मी पर्समध्ये असते. आता टेबलाखाली नाही. पुलाशेजारी मला टेबलावरच भरतात, आणि भरते मालकीणबाई स्वतः.

माझी एवढीच विनंती आहे. मला घासणाऱ्याने झाकणाची ती फट फार खोलवर घासू नये. थोडं काही अडकून राहिलं तर राहू द्यावं. सगळं लख्ख करून माणसाच्या हाती नेहमीच काही लागतं असं नाही.

आज सकाळचंच सांगते आणि थांबते. त्यांनी विचारलं, हे की ते. बाईने माझ्यापाशी श्वास घेतला, दुसरीपाशी घेतला, पुन्हा माझ्यापाशी आली. आणि या वेळी बोट केलं नाही. डोळे मिटूनच म्हणाली, "धूसर आहे. खूप लांब आहे. पण हे."

चष्मेवाल्यांनी दोन्ही मुठी उघडल्या. मग ते म्हणाले, छान.